बाणांच्या जागी प, र, क, त

इन्स्क्रिप्ट या कळफलकावर मराठी लिहिणाऱ्याने इंग्रजी एच, जे, के, एल या सलग चार कळा दाबल्या की पडद्यावर प, र, क, त उमटतात. व्हिम हा एडिटर वापरणाऱ्याला याच चार कळा डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे नेतात. त्यामुळे मराठी परिच्छेद लिहून एस्केप दाबलं आणि खालच्या ओळीवर जाण्यासाठी जे दाबली, तर व्हिमच्या हाती र पडतो. आणि र नावाचा हुकूम त्याला माहीत नाही. दिवसा प्रोग्राम आणि संध्याकाळी मोडी कागदांचं लिप्यंतर असा माझा कोल्हापुरातला वर्षानुवर्षांचा क्रम असल्याने ही टक्कर मला रोज भेटत आली. तिचं मूळ शोधताना लंडन, कानपूर, पुणे आणि जपानमधलं त्सुकुबा अशी वाट सापडली. एडिटरमधल्या ज्या सोयी मला सर्वांत उपयोगी ठरल्या, त्याही याच वाटेवर मिळाल्या.

बाणांची हकीकत जाणकारांना ठाऊक आहे. व्हिमचा पूर्वज असलेला व्हीआय लिहिणारे बिल जॉय बर्कलीत ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत, त्याच्या एच, जे, के, एल कळांवर बाण छापलेले होते आणि एस्केपची कळ आज टॅब असते तिथे होती. करंगळी जराशी सरकवली की एस्केप. या हकीकतीतून एक माणूस मात्र सहसा गळतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातले जॉर्ज कूलूरिस. तेव्हा युनिक्सवर केन थॉम्पसन यांचा एड हा एडिटर वापरात होता. विचारल्याशिवाय तो ओळ दाखवत नसे आणि काही चुकलं तर नुसतं प्रश्नचिन्ह छापून गप्प बसे. टेलिटाइपवर कागद वाचवण्यासाठी ते योग्यही होतं. पण कूलूरिस यांच्यापुढे काचेचा पडदा होता. त्यांनी एडमध्ये बदल करून चालू ओळ डोळ्यांसमोर ठेवून तिथल्या तिथे दुरुस्त करण्याची सोय केली. थॉम्पसन यांनी ती पाहिली आणि आपल्याला अशाची गरज वाटत नाही असं सांगितलं. त्यावर कूलूरिस यांनी एडिटरचं नाव एम ठेवलं: मर्त्य माणसांसाठीचा एडिटर. १९७६च्या उन्हाळ्यात ते बर्कलीत गेले, जॉय यांनी एम पाहिला, त्याचा कोड घेतला, आणि चक हेली यांच्यासह त्यावर काम सुरू झालं. त्यातून पुढे एक्स आणि व्हीआय झाले.

जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. २४ ओळी आणि ८० स्तंभांचा पडदा १,९२० अक्षरांचा. तो एकदा पूर्ण रंगायला एक मिनिटाहून अधिक वेळ लागणार. व्हीआयचे हुकूम एका अक्षराचे का आहेत, याचं उत्तर या गणितात आहे. तारेवरून जाणारं प्रत्येक अक्षर महाग होतं.

त्या काटकसरीतून एक रचना तयार झाली, आणि नवशिक्याने सर्वांत आधी तीच शिकावी असं माझं ठाम मत आहे. डी म्हणजे काढ, सी म्हणजे बदल, वाय म्हणजे उचल. त्यांच्यापुढे कुठवर ते सांगायचं: डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डॉलरचं चिन्ह म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत. व्हिमने यात आणखी भर घातली. सी, आय आणि कंस असं दाबलं की कंसातला मजकूर जातो आणि लिहिण्यासाठी जागा मोकळी होते. मग पूर्णविरामाची कळ तोच बदल हवा तिथे पुन्हा करते. प्लगइनचा ढीग जमवणारे अनेकजण या पूर्णविरामाकडे वळतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. क्यू दाबून कळांची मालिका नोंदवायची आणि ती शंभर ओळींवर चालवायची, एवढं आलं की निम्मे प्लगइन अनावश्यक होतात.

व्हिम ब्राम मोलेनार यांचा. १९९१मध्ये तो अमिगा संगणकासाठी बाहेर आला. १९९४मध्ये ते युगांडातल्या किबाले इथे पाणी आणि स्वच्छतेच्या कामावर स्वयंसेवक म्हणून गेले, आणि तेव्हापासून व्हिम वापरणाऱ्याने तिथल्या मुलांसाठी मदत करावी एवढीच विनंती ते करत राहिले. रिकामा व्हिम उघडला की ती विनंती समोर येते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले.

आता कळफलकाकडे. इन्स्क्रिप्टमागे मोहन तांबे यांचं नाव आहे. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांच्या टर्मिनलवर त्यांनी काम केलं आणि पुढे तेच काम घेऊन ते पुण्याच्या सीडॅकमध्ये आले. १९८६मध्ये इन्स्क्रिप्ट सरकारी पातळीवर ठरला. त्याची मांडणी मी जितक्या वेळा पाहतो तितका तिच्याबद्दलचा आदर वाढतो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क साध्या कळेवर, ख शिफ्टसह. त आणि थ, प आणि फ, द आणि ध यांचंही तसंच. मात्रा साधी दाबायची, तोच स्वर पूर्ण हवा तर शिफ्ट. वर्णमालेचं शास्त्र कळांवर उतरलं आहे. आपल्याकडच्या टायपिंग क्लासांनी पिढ्यानपिढ्या रेमिंग्टनची मांडणी गिरवून घेतली. तिथे ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी मारायची. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम आहे, म्हणून क आधी आणि वेलांटी नंतर. शोध घेण्यासाठी आणि अकारविल्हे लावण्यासाठी हाच क्रम लागतो. इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेताची १९८८ची आवृत्ती पुढे युनिकोडच्या देवनागरी विभागाचा पाया झाली.

मग प, र, क, त यांचं काय करायचं? संगणकाचा कळफलक इंग्रजीतच ठेवायचा आणि मराठीचं काम एडिटरवर सोपवायचं. व्हिममध्ये त्यासाठी कीमॅप नावाची सोय आहे: दोन स्तंभांची साधी फाइल, डावीकडे कळ, उजवीकडे अक्षर. लिहिताना कंट्रोल आणि टोपीचं चिन्ह दाबलं की मराठी सुरू, एस्केप दाबलं की हुकूम पुन्हा इंग्रजी. याहून सुंदर म्हणजे एफ दाबून ओळीतलं पुढचं अक्षर शोधताना ते अक्षर मात्र मराठीतच घेतलं जातं. हुकूम कुठे संपतो आणि मजकूर कुठे सुरू होतो, हे व्हिमला नेमकं कळतं.

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये हेच काम कंट्रोल-बॅकस्लॅश करतं. या सोयीचा माग काढताना माझ्या हाती जे लागलं, त्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

ईमॅक्सला बहुभाषिक करण्याचं काम जपानच्या त्सुकुबा इथल्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीत हांडा केनइची यांनी केलं. म्यूल नावाची ती भर १९९७मध्ये ईमॅक्स २०मध्ये मुख्य प्रवाहात आली. तिच्या आधाराने देवनागरीच्या फाइली लिहिल्या कावाबाता ताइची यांनी. एक फाइल उघडून पाहावी: त्यात इन्स्क्रिप्ट आहे, अविनाश चोपडे यांची आयट्रान्स आहे, संस्कृतच्या अभ्यासकांची क्योतो-हार्वर्ड आहे. आणि ईमॅक्सला माहीत असलेल्या अक्षरसंचांची यादी काढली तर तिच्यात देवनागरी-सीडॅक आणि देवनागरी-आकृती अशी दोन नावं दिसतात. मराठी डीटीपीवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातली ही नावं. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टचा संकेत निराळा असे, म्हणून ही वेगळी नोंद. आपल्या मजकुराची अशी दखल एका जपानी माणसाने घेतली, आणि आपण ईमॅक्स अवघड म्हणून बाजूला ठेवला! कंट्रोल-एच आणि मोठा आय दाबून देवनागरी-इन्स्क्रिप्टचं नाव दिलं, तर पूर्ण कळफलक पडद्यावर येतो. मराठी टायपिंग शिकणाऱ्याला याहून वेगळा तक्ता लागत नाही.

कोल्हापूरच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. इथल्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडी कागद आहेत. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तरी त्याचा कारभार त्या कागदांत जिवंत आहे. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती जून २०१४मध्ये, अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावामुळे. आणि ३० जुलै २०२३ रोजी आलेल्या ईमॅक्स २९.१मध्ये मोडी लिपी आणि ती लिहिण्याची पद्धत अंतर्भूत झाली. कंट्रोल-एच आणि लहान एच दाबलं की जगभरच्या लिप्यांमधल्या नमस्कारांची फाइल उघडते. तिच्यात आता मोडीतला नमस्कारही आहे. मोडीचा फॉन्ट, म्हणजे नोटो सान्स मोडी, तेवढा संगणकात हवा.

मोडीचं लिप्यंतर करणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या असतात. लेखक आधी शिरोरेषा ओढतो आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जातो. ऱ्हस्व-दीर्घ बहुधा पाळलेलं नसतं. मूळ कागदाशी इमान राखून उतरवलं तर एकाच फाइलमध्ये कोल्हापुर आणि कोल्हापूर दोन्ही येतात, आणि साधा शोध त्यातलं एकच दाखवतो. व्हिममध्ये शोधशब्दाला बॅकस्लॅश आणि मोठा झेड जोडला, तर मूळ अक्षरांवर स्वार होणारी चिन्हं तो शोधताना विचारात घेत नाही, आणि दोन्ही सापडतात. मोडीच्या माणसाला ही सोय आवर्जून दाखवावी. ईमॅक्समध्ये चौकटी कंसात दोन्ही उकार घालून रेग्युलर एक्स्प्रेशनने शोध घेता येतो.

दुसरा काटा ऱ्य-चा. शेतकऱ्यांना, कारभाऱ्यांस, दऱ्या. पडद्यावर एकसारखे दिसणारे हे शब्द संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेले असू शकतात: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, साध्या र-ला नुक्ता आणि हलन्त जोडून, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक घालून. वेगवेगळ्या हातांनी टाइप झालेल्या फाइली एकत्र केल्या की शेतकरी हरवतात. शोधात निम्मेच येतात. व्हिममध्ये अशा अक्षरावर उभं राहून जी आणि ए दाबलं, तर आत काय दडलंय त्याचे आकडे दिसतात. ईमॅक्समध्ये कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबलं तर अक्षराचं पूर्ण नाव, संकेत आणि फॉन्टही कळतो. निदान झालं की सर्वत्र बदल करणारी एकच ओळ पुरते. मोडी आणि मराठीच्या कोणत्याही प्रकल्पाने हे काम पहिल्याच दिवशी करून घ्यावं, असा माझा आग्रह आहे.

पडद्यावरच्या जोडाक्षरांच्या बाबतीत मी ईमॅक्सच्या बाजूने उभा आहे. २०२०च्या ईमॅक्स २७पासून अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझकडे गेलं आणि क्ष, ज्ञ, ऱ्य नीट बसू लागले. टर्मिनलमधल्या व्हिमला ठरावीक रुंदीच्या चौकोनांत अक्षरं बसवावी लागतात. तिथे देवनागरी अडखळते. म्हणून कोडसाठी व्हिम आणि करवीरच्या कागदांसाठी ईमॅक्स अशी माझी वाटणी आहे. कंट्रोल-एक्स ३ दाबून पडदा उभा दुभागायचा, एका बाजूला कागदाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला बाळबोध उतारा. गावांची, हुद्द्यांची, माणसांची नावं पुन्हा पुन्हा येतात. त्यांची पहिली दोन अक्षरं लिहून ऑल्ट आणि तिरपी रेघ दाबली की आधीच लिहिलेल्या मजकुरातून पूर्ण शब्द पुढे येतो. त्यासाठी वेगळा शब्दकोश भरावा लागत नाही. पहिल्या दहा पानांत आलेली नावं अकराव्या पानापासून पुरवायला ईमॅक्स स्वतःच लागतो.