रात्रपाळी आणि कॅन्सरचा संबंध काय? शरीरातलं घड्याळ समजून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीचा समावेश 'बहुधा कॅन्सरकारक' गटात केला. २०१९ मध्ये पुन्हा आढावा घेऊन तो तसाच ठेवला. पण जागरणाचा कॅन्सरशी संबंध येतो कुठे?

घड्याळ चालतं कसं?

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत 'क्लॉक जनुकं' असतात. क्लॉक आणि बीमॅल१ ही जोडी पर आणि क्राय या जनुकांना चालू करते. त्यांची प्रथिनं साठली की तीच या जोडीला थांबवतात. प्रथिनं विरघळली की चक्र पुन्हा सुरू. एका फेरीला लागतात साधारण २४ तास. फळमाशीत या यंत्रणेचा शोध घेणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

कॅन्सरशी नातं

पेशींनी कधी विभागायचं, डीएनएची दुरुस्ती कधी करायची, यावर या घड्याळाचा प्रभाव असतो. ते बिघडलं तर चुका साचण्याची शक्यता वाढते.

२०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी स्तनाचा कॅन्सर असलेल्या ३० महिलांचं रक्त पहाटे ४ आणि सकाळी १० वाजता तपासलं. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशींपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त पेशी पहाटेच्या नमुन्यांत सापडल्या. याचा अर्थ झोप वाईट असा नाही. कॅन्सरही दिवस-रात्र पाळतो, एवढंच यातून दिसतं.

उपचाराची वेळ महत्त्वाची?

रोगप्रतिकारक पेशींनाही घड्याळ असतं. रक्तातली आणि लसिका ग्रंथींमधली त्यांची संख्या दिवसभरात बदलते. अमेरिकेत मेलानोमाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. इम्युनोथेरपीचे किमान २० टक्के डोस दुपारी साडेचारनंतर घेतलेले रुग्ण तुलनेने कमी काळ जगले. मात्र हा जुन्या नोंदींचा अभ्यास होता. फरक वेळेमुळेच पडला, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मग करायचं काय?

'बहुधा' हा शब्द पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. लाल मांसही याच गटात आहे. म्हणून रात्रपाळी करणाऱ्या नर्स, पोलीस किंवा कॉल सेंटर कर्मचाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. पण झोपेची हेळसांड करू नये आणि डॉक्टरांनी सुचवलेल्या तपासण्या टाळू नयेत. उपचार सुरू असतील तर वेळेसाठी डोस पुढे ढकलू नका. शंका असेल तर आपल्या डॉक्टरांनाच विचारा.