विलायतेला शिकायला निघताना

प्रवेशाचे पत्र हाती पडले की घरात याद्या सुरू होतात. कुकर तीन लिटरचा घ्यावा की पाच, मेतकूट आणि भाजणी किती द्यावी, स्वेटर इथूनच न्यावेत की तिथे घ्यावेत, एक ना दोन! वडील बँकेच्या चकरा मारत असतात, आई मावशी-काकूंकडून माहिती गोळा करत असते. इंदूर असो, बडोदे असो की नागपूर, इंग्लंडला शिकायला निघालेल्या मुलाच्या घरचे चित्र साधारण सारखेच. या सगळ्या धावपळीत मोकळा असतो तो एकटा विद्यार्थी. परीक्षा संपलेली असते, नोकरीत असेल तर राजीनामा दिलेला असतो. चार महिने मित्रांचे निरोप घेण्यात जातात. अभ्यास काय, तिकडे गेल्यावर करायचाच आहे!

नेमके इथेच चुकते. भारतातून ब्रिटनला जाणारी बहुसंख्य मुले पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जातात आणि तो अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी अवघ्या एका वर्षाचा असतो. सप्टेंबरच्या अखेरीस वर्ग सुरू होतात. नोव्हेंबरात पहिला निबंध द्यावा लागतो. वसंतात शिकवणे संपते आणि उन्हाळाभर प्रबंध लिहून ऑगस्ट-सप्टेंबरात तो सादर करायचा असतो. आपल्याकडे पदवीचे पहिले वर्ष रुळण्यात गेले तरी चालते. तिथे रुळायला सहा आठवडे मिळतात, आणि त्या सहा आठवड्यांचे व्याजही कर्जावर चढतच असते.

म्हणून कुकरइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, दुसऱ्या एका तयारीची गरज आहे. तिला पैसे फारसे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि तो निघण्यापूर्वीच हाताशी असतो.

निबंध म्हणजे काय?

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आपल्या परिचयाची आहे. १९७२ च्या दुष्काळात ती आकाराला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या विषयावर आपला हुशार विद्यार्थी कसे लिहील? योजनेची पार्श्वभूमी, उद्दिष्टे, ठळक वैशिष्ट्ये, फायदे, तोटे, उपसंहार. अक्षर चांगले, मुद्दे अधोरेखित. इथे त्याला भरघोस गुण मिळतील.

ब्रिटिश विद्यापीठात प्रश्नच वेगळा येतो. ‘या योजनेमुळे ग्रामीण मजुरी वाढली, हे म्हणणे कितपत ग्राह्य आहे?’ आता फायदे-तोटे उपयोगाचे नाहीत. मजुरी वाढली असे कोण म्हणतो, कोणत्या आकडेवारीवरून म्हणतो, दुसरा अभ्यासक ते का मानत नाही, दोघांचे मतभेद नेमके कुठे आहेत आणि हे सर्व वाचून तुम्ही कोणाच्या बाजूला झुकता, हे दोन-तीन हजार शब्दांत मांडायचे असते. योजनेचा इतिहास दोन वाक्यांत आटोपला तरी हरकत नाही. आपल्या मुलांच्या पहिल्या निबंधावर हमखास येणारा शेरा म्हणजे ‘नुसते वर्णन आहे’. मुले गोंधळतात. सगळे मुद्दे तर लिहिले होते! मुद्दे लिहिले होते हे खरे, पण वाद घातला नव्हता.

आयईएलटीएसच्या परीक्षेत चांगले गुण आहेत, मग काळजी कशाला, असे पुष्कळांना वाटते. त्या परीक्षेतला मोठा निबंध किमान २५० शब्दांचा असतो आणि तो चाळीस मिनिटांत स्वतःच्या डोक्यातून लिहायचा असतो. विद्यापीठात आठवडेच्या आठवडे वाचून लिहायचे असते, आणि आधाराशिवाय केलेल्या विधानाला तिथे किंमत नसते. कित्येक ब्रिटिश विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीत चांगले गुण असलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना ही परीक्षा माफही करतात. पालकांना आनंद होतो. खरे तर अशा मुलाने लिखाणाचा सराव दुप्पट करायला हवा.

परीक्षेत थोडे गुण कमी पडले तर विद्यापीठे उन्हाळ्यात काही आठवड्यांचा इंग्रजीचा पूर्वतयारी वर्ग घ्यायला सांगतात. त्याला ‘प्री-सेशनल’ म्हणतात. हा वर्ग म्हणजे कमीपणा समजून तो टाळण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा परीक्षेला बसतात. वास्तविक निबंधाची बांधणी, व्याख्यानाची टिपणे, चर्चेत बोलणे हेच तिथे शिकवतात. ज्यांना परवडते त्यांनी तो संधी समजून घ्यावा. बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी काही ठिकाणी एक वर्षाचा ‘फाउंडेशन’ अभ्यासक्रम असतो. इंग्लंडमधली शाळा तेरा वर्षांची आहे, आपली बारा वर्षांची. ते एक वर्ष तिथे भरून निघते. अर्थात बारावीला उत्तम गुण असलेल्या मुलांना अनेक विद्यापीठे थेट पदवीला घेतात.

नक्कल, मैत्री आणि शिक्षा

शाळेत असल्यापासून आपण गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच वापरत आलो. त्यातले उत्तर जसेच्या तसे लिहिले तर ‘पाठांतर चांगले आहे’ असे कौतुक होते. कॉलेजात मित्राचे जर्नल उतरवून काढणे हा तर मैत्रीचाच भाग. ब्रिटनमध्ये या दोन्ही गोष्टी गुन्ह्यात मोडतात.

दुसऱ्याचे वाक्य घेतले तर अवतरणचिन्हात घालून लेखकाचे नाव, वर्ष आणि पान द्यावे लागते. वाक्य बदलून फक्त विचार घेतला तरी नाव द्यावेच लागते. इथेच मुले फसतात. शब्द बदलले म्हणजे ते आपले झाले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. निबंध संगणकावरून सादर होतो आणि टर्निटिनसारखी प्रणाली तो इतर असंख्य लिखाणांशी ताडून पाहते. खोलीतल्या मैत्रिणीला ‘नुसता बघायला’ म्हणून आपला मसुदा दिला आणि तिने तो थोडा फिरवून दिला, तर चौकशी दोघींची होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत विद्यापीठागणिक, कधी विषयागणिक नियम वेगळे आहेत. ते पहिल्याच आठवड्यात वाचावेत. शिक्षा गुण कापण्यापासून थेट काढून टाकण्यापर्यंत काहीही असू शकते, आणि काढून टाकले की व्हिसाही जातो. पालकांचे लाखो रुपये एका उतरवलेल्या परिच्छेदावर जावेत, हे फार वाईट.

बासष्ट गुणांची गोष्ट

आता गुणांविषयी. दहावीपासून नव्वदच्या घरात राहिलेली मुलगी डिसेंबरात फोन करते, बासष्ट मिळाले. घरात शांतता. तिथे पदव्युत्तर अभ्यासक्रमाला साधारणतः पन्नासला उत्तीर्ण, साठला ‘मेरिट’ आणि सत्तरला ‘डिस्टिंक्शन’ असते. पदवीलाही सत्तरच्या पुढे प्रथम श्रेणी. ऐंशीच्या वर गुण, निदान निबंधाच्या विषयांत, क्वचितच दिसतात. तेव्हा बासष्ट म्हणजे चांगले काम. ही गोष्ट मुलीपेक्षा तिच्या आजी-आजोबांना आधी समजावून ठेवावी!

नापास झाल्यास बहुधा एकदा पुन्हा संधी मिळते, परंतु त्या वेळी कितीही चांगले लिहिले तरी बहुतेक ठिकाणी उत्तीर्ण होण्यापुरतेच गुण धरतात. निबंध उशिरा दिला तर दिवसागणिक गुण कापतात. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर मुदत वाढवून मिळते, मात्र ती आधी आणि रीतसर मागावी लागते. मुदत उलटल्यावर ‘सर, प्लीज’ म्हणण्याला अर्थ नसतो.

आणि ‘सर’ हा शब्दही तिथे फारसा चालत नाही. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारण्याची रीत आहे. आपल्या मुलांची जीभ आठवडाभर अडखळते. दहा-पंधरा जणांच्या सेमिनारमध्ये विद्यार्थ्याने बोलावे, प्राध्यापकांच्या म्हणण्यालाही प्रश्न करावा, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे गप्प बसणे हा आदर. तिथे गप्प बसणाऱ्याने वाचलेले नाही, असा समज होतो.

निघण्यापूर्वी काय करावे?

प्रवेश निश्चित झाला की विभागाला पत्र लिहून वाचनाची यादी मागवावी. अनेक विभाग ती आनंदाने देतात. यादी लांबलचक असली तरी घाबरू नये. त्यातली दोन पुस्तके घ्यावीत आणि एकेक प्रकरण वाचून लेखकाचा मुख्य दावा पाच ओळींत लिहावा. मग त्याला विरोध करणारा एखादा लेख शोधावा. शेवटी दीड हजार शब्दांचा एक निबंध, आधार देऊन, लिहून पाहावा आणि कडक तपासणाऱ्या कोणाला तरी दाखवावा. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे ‘ओपनलर्न’ या नावाचे विनामूल्य पाठ आहेत, त्यांत अभ्यासकौशल्यांचेही पाठ मिळतात. बीबीसीवरच्या चर्चा ऐकाव्यात. परीक्षेच्या ध्वनिफितीतले इंग्रजी वेगळे आणि ग्लासगो किंवा न्यूकॅसलच्या माणसाचे वेगळे, हे विमानतळावर उतरून कळण्यापेक्षा आधीच कळलेले बरे.

जेवणाच्या टेबलावर एखाद्या विषयावर बाबांचे म्हणणे खोडून काढण्याची मोकळीक त्या चार महिन्यांत मुलांना द्यावी. बाबांना थोडे जड जाईल.

पैशाचे गणित

१९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसे साठवून आणि काही उसने घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले. १९२३ मध्ये तिथली डी.एससी. त्यांनी मिळवली. तेव्हा परत जाण्याची मुभा त्यांना मिळाली होती. आजचा विद्यार्थी व्हिसा इतका उदार नाही, त्यामुळे गणित आधीच पक्के हवे.

व्हिसासाठी शुल्काशिवाय राहण्याच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमानुसार ते लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि इतरत्र १,१७१ पौंड असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे आहेत. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, एक दिवसही कमी पडून चालत नाही. लक्षात घ्या, दाखवायचे नऊ महिन्यांचे, राहायचे मात्र बारा महिने! शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आणि क्षयरोगाची तपासणी, तीही मान्यताप्राप्त केंद्रातच. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, पण ती कमाई हिशेबात धरूच नये. काम मिळायला महिने लागतात, आणि वीसचे पंचवीस तास झाले तर व्हिसा धोक्यात येतो. हजेरीचेही तसेच. सतत गैरहजर राहणाऱ्याची माहिती विद्यापीठाला ब्रिटिश गृहखात्याला कळवावी लागते.

‘नंतर दोन वर्षे तिथेच नोकरी’ हे गणितही तपासून घ्यावे. पदवीनंतर दोन वर्षे राहण्याची सवलत २०२१ मध्ये सुरू झाली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती दीड वर्षाची करण्याचे ठरले आहे. पीएच.डी.वाल्यांची तीन वर्षे कायम आहेत. ही फक्त राहण्याची मुभा आहे, नोकरीची हमी नव्हे.

सल्लागारांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘आम्ही एक पैसाही घेत नाही’ असे सांगणाऱ्या एजंटाला विद्यापीठाकडून कमिशन मिळते, आणि ते बहुधा तुमच्या मुलाच्या शुल्कातूनच येते. ते बेकायदा नाही. मात्र जे विद्यापीठ कमिशन देत नाही, त्याचे नाव त्यांच्या तोंडी सहसा येत नाही. विद्यापीठाला परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना आहे की नाही, ती यादी ब्रिटिश सरकार जाहीर करते. ती स्वतः पाहावी. शिष्यवृत्तीसाठी चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती, महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, असे मार्ग आहेत. चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

डब्यात काय द्यावे?

याद्यांकडे परत यायचे तर पेढे, तूप, खवा देऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास तिथे बंदी आहे. मेतकूट, मसाले, भाजणी चालतात. तिथले प्लग चौकोनी तीन पिनांचे असतात, दोन अडॅप्टर द्या. आणि मुलगा असो वा मुलगी, वरणभात, उसळ आणि पोळी करता आली पाहिजे. बाहेरचे जेवण रोज परवडत नाही. फोडणी मात्र मंद आचेवर करायला शिकवा. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडून धूर झाला की घंटा वाजते आणि मध्यरात्री सगळी इमारत थंडीत बाहेर उभी राहते!

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवायला सांगा. अधिभार भरलेलाच आहे. लंडनमध्ये असेल तर १९३२ पासूनचे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीला हक्काने जाता येईल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि आपल्यातले अंतर साडेपाच तासांचे होते. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. घराची आठवण, पहिले गुण आणि तो अंधार एकाच सुमारास येतात. प्रत्येक विद्यार्थ्याला एक व्यक्तिगत ट्यूटर नेमून दिलेला असतो आणि विद्यापीठात विनामूल्य समुपदेशनाची सोय असते. आपली मुले तिकडे जात नाहीत, कारण अडचण सांगणे म्हणजे हरणे असे त्यांना वाटते, आणि ‘एवढे कर्ज काढले’ हे वाक्य त्यांच्या कानात असते. फोनवर जेवलास का, हे विचाराच. त्याबरोबर ट्यूटरला भेटलास का, हेही विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर फोन ठेवू नका.