संगणकांतील बाहुलीचे सांधे

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ही कोंकणाची जुनी कला होय. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी येथील ठाकर समाजानें ती जतन केली असून, तेथील श्री. परशुराम गंगावणे ह्यांस सन २०२१ मध्यें पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. बाहुली लांकडाची खरी; परंतु सूत्रधाराच्या बोटांबरोबर ती हालूं लागली म्हणजे प्रेक्षकास लांकडाचा विसर पडतो. हल्लीं चित्रपटांत व खेळांत संगणकानें रचिलेल्या आकृती चालतात, धांवतात व पडतात. त्यांसही दोऱ्या असतात, पण त्या गणिताच्या. ह्या दोऱ्या कशा बांधितात व किती ताणितात, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम सांधे पाहूं. आकृतीच्या अंतरंगीं हाडांचा सांगाडा कल्पिलेला असतो. कोंपराचा सांधा बिजागरीचा, खांद्याचा उखळीचा, हें आपण शरीरशास्त्रांत शिकतों. संगणकास मात्र तें सांगावें लागतें. न सांगितल्यास कोंपर मागें दुमडतें व मान चक्राकार फिरते. म्हणून कोंपर सरळ स्थितीपासून सुमारें १४० अंश वांकावें, उलट दिशेस जवळजवळ जाऊंच नये, असा नियम प्रत्येक सांध्यास घालतात. ही मर्यादा भिंतीसारखी कठोर असूं नये. शेवटच्या कांहीं अंशांत विरोध क्रमाक्रमानें वाढावा. नाहींतर हात दार आपटल्याप्रमाणें थबकतो.

आतां मांसल भाग. आमच्या तुडीलच्या बांधावर उभे राहून बैलाकडे पाहावें. चालतां चालतां तो थांबला कीं पाय स्थिर होतात. परंतु वशिंड व गळ्याखालची लोंबती कातडी क्षणभर मागाहून हालतात आणि मग निवतात. हें मागें राहणें चित्रांत आणण्यासाठीं शरीराचे अनेक बिंदु कल्पून ते स्प्रिंगांनीं जोडितात. स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणांत ती मागें ओढते, हा रॉबर्ट हूक ह्यांनीं सन १६७८ मध्यें प्रसिद्ध केलेला नियम येथें उपयोगी पडतो.

मापें मुख्यतः तीन: वस्तुमान, ताठरपणा व हेलकावा निवविणारा विरोध. ताठरपणा कमी पडला तर वशिंड खरवसासारखें थलथलतें. फार झाला तर तें लांकूड होतें. विरोध कमी असल्यास हेलकावे थांबत नाहींत. अधिक असल्यास सर्व हालचाल काकवींत बुडाल्यासारखी मंद होते. म्हणून आधीं वस्तुमान ठरवावें, मग ताठरपणा, शेवटीं विरोध. आणि एका वेळीं एकच माप बदलावें. दोन एकदम बदलल्यास दोष कोणाचा तें कळत नाहीं.

आणखी एक अडचण काळाची. संगणक गति अखंड मोजीत नाहीं. बहुधा सेकंदास ६० चित्रें, अशा टप्प्यांनीं मोजतो. ताठर स्प्रिंग व मोठा टप्पा एकत्र आले म्हणजे काय होतें? गाडीवानानें उशिरां व जोरानें कासरा ओढावा आणि गाडी दुसऱ्या कडेस जावी, तसें बिंदु प्रत्येक टप्प्यास अधिकाधिक दूर फेंकले जातात व आकृती फुटते. टप्पे लहान करणें हा एक उपाय. दुसरा थॉमस याकोबसेन ह्यांनीं सन २००१ मध्यें मांडला: बळ मोजण्याऐवजीं बिंदूंस थेट योग्य अंतरावर सरकवावें, व तें पुनःपुन्हां करावें. डेन्मार्कमधील 'हिटमॅन' ह्या संगणकीय खेळांत पडणाऱ्या देहांसाठीं हीच युक्ति योजिली होती.

ह्या सर्वांचें सार एकच. मोकळें सोडलेलें शरीर सजीव भासत नाहीं. योग्य आंवर घातलेलेंच भासतें. आणि तो आंवर किती, हें कोणतेंही यंत्र आपण होऊन सांगत नाहीं. तें चालत्या बैलाकडे, भारा उचलणाऱ्या बाईकडे, झाडावरून उडी घेणाऱ्या मुलाकडे लक्षपूर्वक पाहूनच कळतें. यंत्र महाग असेल, पण हें पाहणें फुकट आहे. आणि तुडीलच्या विद्यार्थ्यास तें शहरांतील विद्यार्थ्यापेक्षां अधिक सुलभ आहे. ज्यांना पुढें हा व्यवसाय करावयाचा असेल, त्यांनीं आजपासूनच वहींत टिपणें घ्यावीं, एवढीच आमची सूचना.