जहाज वाढलं, पोलाद तेच

‘हेलो’ या व्हिडिओ गेमचे चाहते एका गोष्टीवर तासन्‌तास भांडू शकतात, ती म्हणजे कोणतं जहाज नेमकं किती लांब. 2001 साली आलेल्या पहिल्या भागात मास्टर चीफला ज्या ‘पिलर ऑफ ऑटम’वर जाग येते, ती युद्धनौका 1,170 मीटर लांब. 2012 च्या ‘हेलो 4’मधली ‘इन्फिनिटी’ 5,694 मीटर. तिच्या पोटात 10 फ्रिगेट मावतात. शत्रूची सुपरकॅरिअर तर 25 किलोमीटरच्याही पुढे. आपली आयएनएस विक्रांत 262 मीटरची आणि माणसाने अंतराळात बांधलेली सर्वांत मोठी वस्तू, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, जेमतेम 109 मीटरचं.

तक्त्यात ही जहाजं शेजारी शेजारी मांडली की लांबी तेवढी डोळ्यांत भरते. घोळ तिथेच होतो. इन्फिनिटी ऑटमच्या जवळजवळ पाचपट लांब आहे; घाट तोच धरला, तर तिचा पृष्ठभाग सुमारे 24 पट आणि घनफळ तब्बल 115 पट भरतं. भार घनाने वाढतो, तो पेलणाऱ्या सांगाड्याचा छेद मात्र वर्गानेच. गॅलिलिओने 1638 मध्येच हे ओळखलं होतं. तिप्पट लांबीच्या हाडाला किती बेढब जाडी लागेल, याचं चित्रच त्याने पुस्तकात काढून ठेवलं आहे.

पण अंतराळात वजन कुठे असतं? तरंगत असेपर्यंत नसतंच. इंजिन पेटलं की चित्र पालटतं. मागून 1 ‘जी’चा, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतका, रेटा मिळाला की जहाज म्हणजे इंजिनांवर उभा राहिलेला मनोराच. बांधकामातल्या साध्या पोलादाचा सरळसोट खांब सव्वातीन किलोमीटरच्या आसपास गेला, की स्वतःच्याच भाराने तळाशी दबू लागतो. वाकण्याची भीती त्याच्याही आधी. या हिशेबात ऑटम पास होते, इन्फिनिटी नापास. शिवाय पोलादातून धक्का सेकंदाला साधारण 5 किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. म्हणजे शेपटाला बसलेला रेटा इन्फिनिटीच्या नाकाला कळायला सेकंदभर लागतो. तेवढ्या वेळात मधला भाग चेपत असतो.

वळणं त्याहून वाईट. खांद्यावर शिडी घेतलेला माणूस गर्रकन वळला की मधे काही जाणवत नाही, फटका टोकाला बसतो. इन्फिनिटी मध्याभोवती 20 सेकंदांत उलटी फिरली, तर टोकावरच्या माणसांना 7 ‘जी’चा हिसका बसेल. हेच वळण एका मिनिटात घेतलं तर पाऊण ‘जी’च्या थोडं वर. चित्रफितीत महाकाय जहाजं संथ वळतात ती भारदस्त दिसावीत म्हणून. भौतिकशास्त्रही नेमकं तेच सांगतं, हा योगायोग झकास आहे.

मला खटकतं ते निराळंच. उष्णता घनफळाच्या प्रमाणात तयार होते, बाहेर पडते ती पृष्ठभागातून, आणि पोकळीत ती न्यायला वाराही नाही, पाणीही नाही. उरतं फक्त प्रारण. अंतराळ स्थानकाचा फोटो निरखून पाहा. काळपट-सोनेरी सौर पंखांच्या जोडीला नागमोडी घड्यांचे पांढरे पत्रे दिसतील. ते रेडिएटर. आतली उष्णता अमोनिया तिथवर वाहून आणतो. 109 मीटरच्या स्थानकाला एवढा पसारा लागत असेल, तर किलोमीटरच्या हिशेबातल्या युद्धनौकेला रेडिएटरच्या पंखांचं रानच हवं. गेमच्या चित्रकारांनी तिला चिलखत दिलं, तोफा दिल्या, पंख काही दिले नाहीत.

तरी एका लेखकाला दाद द्यायला हवी. एरिक नायलंडच्या ‘द फॉल ऑफ रीच’ या 2001 च्या कादंबरीत ऑटमचा वर्ग जुना आणि संथ म्हणून हिणवला जातो, पण तिच्या आत पोळ्याच्या षट्कोनांसारखी आधारांची जाळी आहे आणि बहुतेक कप्पे फुटले तरी ती तग धरते. अभियंत्याने हेच केलं असतं. या अख्ख्या ताफ्यातलं एकच जहाज निवडायचं झालं, तर माझं मत त्या लहान, जुनाट ऑटमलाच.