मोटरमनचं भान मोजायचं कसं?
फेब्रुवारी २०२२ पासून ठाणे-दिवा दरम्यान सहा मार्गिका आहेत. मोटरमनला त्यांतून आपलाच सिग्नल ओळखावा लागतो. तो पिवळा असेल, तर पुढचा लाल असू शकतो हे समजून ब्रेकचा अंदाज बांधायचा. दिसणं, समजणं, पुढचं ओळखणं: परिस्थितीच्या भानाच्या या तीन पायऱ्या अमेरिकी अभियंत्या मिका एंड्सली यांनी मांडल्या.

१९८८ मध्ये त्यांनी लढाऊ वैमानिकांसाठी ‘सॅगॅट’ ही चाचणी सुचवली. सिम्युलेटर मध्येच थांबवून पडदा कोरा करायचा. मोटरमनची चाचणी घेतली, तर प्रश्न असे असतील: मागचा सिग्नल कोणता? वेग किती? गाडी कुठे थांबेल? उत्तरं सिम्युलेटरच्या नोंदींशी ताडायची. नुसतं ‘लक्ष होतं का?’ विचारून भागत नाही. लक्ष सुटलेल्यालाही आपलं लक्ष होतं असंच वाटतं.