सुई टोचणाऱ्याची शाळा कधी सुटते?

नोएडाच्या सेक्टर ६२ मधल्या काचेच्या इमारतींमध्ये दिवसाचे दहा-दहा तास संगणकासमोर बसणाऱ्यांच्या माना आखडतात, खांदे दगड होतात. घरी पुण्या-नागपुराहून आलेल्या सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतात. गोळ्या खाऊन पोट बिघडलेलं... मग कुणीतरी सांगतं, "अहो, सुया टोचून घ्या. माझ्या मेव्हण्याला चार खेपांत आराम पडला!" पत्ता मिळतो, दिवस ठरतो. दवाखान्याच्या भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र असतं. त्यावर नाव असतं, शिक्का असतो. तारीख मात्र फारसं कुणी वाचत नाही.

खरं तर वाचण्याजोगी गोष्ट तीच! प्रमाणपत्र वीस वर्षांपूर्वीचं असेल, तर मधल्या वीस वर्षांत या माणसानं काय शिकलं?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात या प्रश्नाचं उत्तर कायद्यानंच द्यावं लागतं. तिथे परवानाधारक ॲक्युपंक्चर तज्ज्ञाला दर दोन वर्षांनी ५० तासांचं शिक्षण पूर्ण केल्याचं दाखवावं लागतं, तरच परवाना पुढे चालू राहतो. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून चिनी वैद्यकाची देशभर एकच नोंदणी आहे आणि तिथेही दरवर्षी २० तास शिकणं सक्तीचं आहे. आपल्याकडे ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ च्या आचारसंहितेत पाच वर्षांत ३० तासांचा दंडक आला. महाराष्ट्र वैद्यक परिषदेनं तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गुणांची अटच घातली. डॉक्टर मंडळी सुरुवातीला कुरकुरली, पण परिषदांना हजेरी वाढली हे नक्की. (हजेरी लावून जेवणाच्या वेळी पसार होणारेही असतातच म्हणा!)

आणि ॲक्युपंक्चरचं काय?

या शास्त्राशी मराठी माणसाचं नातं जरा गमतीशीर आहे. १९३८ साली काँग्रेसनं जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटानं ते घराघरांत पोचले. पण कोटणीस तिथे शस्त्रक्रिया करत. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. ते पुन्हा चीनला जाऊन ती शिकून आले आणि १९५९ मध्ये त्यांनी कोलकात्यात उपचार सुरू केले. शिकून झालेला, हाताखाली अनुभव असलेला डॉक्टर पुन्हा विद्यार्थी झाला, असं हे मूळ आहे.

कायदा मात्र सावकाश आला. बंगालनं १९९६ मध्ये ॲक्युपंक्चरचा कायदा केला. केंद्र सरकारनं २००३ मध्ये सांगितलं, की नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती हा उपचार करू शकेल. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. त्यातून राज्याची स्वतंत्र परिषद आणि नोंदणीपुस्तक आलं. २०१९ मध्ये केंद्रानं ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. पण 'योग्य प्रशिक्षण' म्हणजे किती आणि ते ताजं ठेवायचं कसं, हे राज्या-राज्यावर सोडलेलं. नोएडा दिल्लीला कितीही चिकटलेलं असलं, तरी राज्य उत्तर प्रदेशचं. मुंबईच्या रुग्णाला परिषदेकडे नाव तपासता येतं. नोएडातल्या रुग्णाला स्वतःच चौकशी करावी लागते.

ही चौकशी का करायची? कारण सुई बारीक असली, तरी चूक बारीक नसते.

मान-खांद्यासाठी सर्रास वापरला जाणारा एक बिंदू खांद्याच्या माथ्यावर असतो. त्याच्या खाली फुफ्फुसाचं टोक असतं. सडपातळ माणसाला तिथे सुई सरळ आणि खोल गेली, तर फुफ्फुसाला छिद्र पडून छातीच्या पोकळीत हवा भरू शकते. क्वचितच घडतं, पण घडतं. धाप आणि छातीतली कळ लगेच उठेल असंही नाही. काही तासांनी, घरी पोचल्यावर उठू शकते. किती खोल, कोणत्या कोनात, कोणाला अजिबात नाही, ही उजळणी करण्याचीच गोष्ट आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आजोबा, पेसमेकर बसवलेली आत्या (तिला विजेच्या प्रवाहाच्या सुया नकोत), गरोदर सून, यांची नियमावलीही तशीच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, ताप आला किंवा वजन झपाट्यानं उतरलं, तर सुई बाजूला ठेवून रुग्णाला इस्पितळात धाडण्याची अक्कल.

स्वच्छतेचा धडा अमेरिकेला १९८४ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात मिळाला. एकाच उपचारकाकडच्या ३५ रुग्णांना हेपेटायटिस बी झाला. आज एकदाच वापरून फेकायच्या सुया मिळतात, तेव्हा पुन्हा उकळून वापरण्याला कसलीही सबब उरलेली नाही.

आणि उपचार उपयोगी पडतो का, याचं उत्तरही स्थिर नाही. २००७ मध्ये जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत खऱ्या ॲक्युपंक्चरनं सुमारे ४८ टक्क्यांना आराम पडला. नेहमीच्या औषध-व्यायामाच्या गटात तो २७ टक्क्यांना. पण भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या 'खोट्या' सुयांनीही ४४ टक्क्यांना बरं वाटलं! ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवलं आणि २०१६ मध्ये तीच शिफारस मागे घेतली. अर्धशिशी टाळण्यासाठी मात्र २०१२ पासून तिची शिफारस आहे, आणि कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी २०२१ मध्ये पुन्हा दार उघडलं. हे बदल ज्याच्या कानावरच गेले नाहीत, तो २००९ चा सल्ला आजही देत बसेल. आणि मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं सुईनं बरं करून देतो म्हणणारा तर कोणत्याच वर्षाचा विद्यार्थी नव्हे!

अर्थात तास भरले म्हणजे ज्ञान वाढलं असं नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियात व्यवसाय कसा चालवावा या विषयाच्या तासांना मर्यादा आहे. बहुतेक तास रुग्णाच्या उपचाराशी जोडलेलेच हवेत. आपल्याकडेही सुट्टीच्या दिवशी हॉटेलात भरणाऱ्या कार्यशाळांना हाच निकष लावायला हवा.

तोवर पहिल्या भेटीत विचारायला दोन-तीन प्रश्न पुरतात. शिक्षण कुठे झालं, नोंदणी कोणाकडे आहे, गेल्या दोन वर्षांत कोणता अभ्यासक्रम केला? चांगला तज्ज्ञ रागावत नाही; उलट कौतुकानं सांगतो. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय का ते बघा. आणि उपचार झाल्यावर नजर टाका ती वापरलेल्या सुयांवर. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे त्या सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यात पडायला हव्यात. तो डबा कुठे दिसत नसेल, तर सुया जातात कुठे, एवढं विचारायला हरकत नाही.