घोडे जातात कुठं?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२०२४ साल संपता संपता रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली. माणसांनी ढकलून ती हलेना, तेव्हा बैलगाडीला दोर बांधून तिला बाहेर काढावं लागलं. त्याची चित्रफीत तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाईलवर पाहिली असेल. लोक हसले. मीही हसलो. पण आयुष्यभर डिप्लोमाच्या मुलांना ऑटोमोबाईल शिकवलेलं असल्यामुळे माझं हसू फार टिकलं नाही. शेकडो घोड्यांची ताकद जिथं हरली, तिथं दोन बैल कसे जिंकले? हा प्रश्न विनोदाचा नाही, यंत्रशास्त्राचा आहे.

योगायोग असा, की त्यानंतर महिन्याभरातच माझा भाचा मला काशीदला घेऊन गेला. त्याच्याकडे अबार्थ पुंटो आहे, जुनी घेतलेली. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातच ती बनत असे. २०१५ साली ती बाजारात आली तेव्हा १४५ अश्वशक्तीच्या या छोट्या गाडीचं तरुण पोरांना केवढं कौतुक होतं! शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत, असं कंपनी सांगे. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई मागं पडलं, तसा भाचा म्हणाला, "मामा, एकशेपंचेचाळीस घोडे आहेत. पण मोकळ्या रस्त्यावर सुटताना नुसती चाकं ओरडतात आणि मित्राची साधी गाडी पुढं जाते. हे घोडे जातात कुठं?"

आपण ज्याला गाडीचा 'पिकअप' म्हणतो, त्याबद्दलचा हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. घोडे इंजिनात असतात हे खरं. पण गाडी पुढं ढकलते ती जमीन. टायर जमिनीला मागं रेटतो आणि जमीन टायरला पुढं रेटते. चारही टायर मिळून जमिनीला टेकतात ती जागा केवढी? प्रत्येकी साधारण एका तळहाताएवढी. त्यातले इंजिनाला जोडलेले तळहात फक्त दोन. जेवढी पकड त्या दोन तळहातांत, तेवढाच पिकअप. त्यापलीकडचे घोडे टायर जाळण्यात खर्ची पडतात.

शिवाय एसटी सुटताना उभे प्रवासी जसे मागं झुकतात, तसा गाडीचा भारही सुटताना मागच्या चाकांवर जातो. पुंटोसारख्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी त्याच चाकांवरचं वजन कमी होतं. नेहमीचे टायर आणि कोरडं डांबर धरून मी गणित मांडून पाहिलं. अशी गाडी, इंजिन कितीही मोठं बसवा, शून्य ते शंभरला सहा सेकंदांच्या फारशी खाली येत नाही. जातिवंत स्पोर्ट्स कारमध्ये ताकद मागच्या किंवा चारही चाकांना देतात, ती याचसाठी.

आता वाळूचं बघा. वाळूत पकड मुळातच थोडी. चाक गरगर फिरलं की ते गाडी पुढं न नेता आपल्याखालची वाळू मागं फेकतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. जितका ॲक्सिलरेटर जास्त, तितका खड्डा खोल. बैल काय करतो? तो झटका देत नाही. मान खाली घालतो, दोर ताणला जाऊ देतो आणि मग अंगाचा भार पुढं टाकतो. ओढ हळूहळू वाढते, खूर घसरत नाहीत. त्या फेरारीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला क्लचचं पेडलही नसणार, कारण पेडलाच्या गाड्या फेरारीने कितीतरी आधी बंद केल्या आहेत. पण ज्यांच्या गाडीत अजून तीन पेडल आहेत, त्यांच्या डाव्या पायाला ही बैलाची रीत शिकता येते.

क्लच म्हणजे दोन तबकड्या समजा. एक इंजिनाबरोबर फिरते, दुसरी चाकांकडे जाते. पेडल दाबलं की त्या दूर होतात, सोडलं की एकमेकींना घट्ट धरतात. मधे एक जागा येते जिथं त्या घासत घासत धरू लागतात. ड्रायव्हिंग स्कूलवाले तिला 'हाफ क्लच' म्हणतात. पिकअपचा सगळा खेळ तिथं आहे. भाचा इंजिन पाच हजार फेऱ्यांवर नेऊन क्लच एकदम सोडत होता. मग चाकं घसरणारच. आणि घसरणाऱ्या रबराची पकड धरून चालणाऱ्या रबरापेक्षा कमी असते. चाक जमिनीच्या मानानं किंचित, दहा-पंधरा टक्के, जास्त फिरत असेल तोवर पकड उत्तम. त्यापुढं नुसता आवाज आणि धूर.

बंद ट्रॅकवर जाणकार काय करतात? इंजिन अडीच-तीन हजार फेऱ्यांवर स्थिर ठेवतात. क्लच पकडू लागेपर्यंत पाय झटकन वर घेतात आणि तिथं क्षणभर थांबतात. गाडी हलली, एक-दोन मीटर गेली, की उरलेलं पेडल सोडून ॲक्सिलरेटर वाढवतात. चाक घसरू लागलंच तर क्लच पुन्हा दाबायचा नाही, उजवा पाय जरासा सैल करायचा. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, तो कानानं आणि पायानं शोधावा लागतो.

गिअरबद्दल थोडंच सांगतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ साधारण पंधरापट होऊन चाकाला मिळतो, दुसऱ्यात आठपटीच्या आसपास. म्हणून घाईनं दुसरा टाकला तर जोर एकदम अर्ध्यावर येतो. उलट इंजिन किंचाळेपर्यंत पहिल्यातच ताणलं तर त्याचाच दम संपलेला असतो. पेट्रोल गाडीत जास्तीत जास्त ताकदीच्या फेऱ्या जरा ओलांडल्या की बदलावा. डिझेल गाडीत ही वेळ बरीच लवकर येते. आणि गिअरची दांडी मुठीत आवळून ओढू नये, तळव्यानं ढकलावी.

एवढं सांगून होईतो आम्ही काशीदच्या अलीकडच्या चढाला लागलो होतो, आणि मला माझीच एक फजिती आठवली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवार संध्याकाळ, परतीची गर्दी, चढावर गाड्यांची रांग. माझ्या जुन्या गाडीत मागं आई-वडील, शेजारी बायको. हँडब्रेक सैल झाला आहे हे मला ठाऊक होतं; नीट करून घ्यायचं राहून गेलं होतं. म्हणून मी गाडी हाफ क्लचवरच तोलून धरली होती. वर्गात मुलांना 'असं करू नका' सांगणारा मीच! पाच मिनिटांत जळका, आंबूस वास आला. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हणालो, पुढच्या ट्रकचा असेल. मग रांग हलली, मी क्लच सोडला, आणि गाडी पुढं जाण्याऐवजी मागं सरकली. मागं स्कूटर होती. तिच्यावर एक बाई आणि पुढं उभं राहिलेलं लहान पोर. ब्रेकवर पाय पडला तेव्हा आमच्यात हातभर अंतर उरलं होतं. ती बाई काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला अजून आठवतं.

झालं काय होतं? हजार-बाराशे किलोची गाडी दहा मीटरला एक मीटर अशा चढावर क्लचवर तोलून धरली, की त्या घासणाऱ्या तबकडीत साडेतीन किलोवॅटच्या आसपास उष्णता तयार होते. न्हाणीघरातल्या इन्स्टंट गिझरपेक्षा जास्तच, आणि तीही बशीहून थोड्या मोठ्या तबकडीत. अस्तर तापून गुळगुळीत होतं आणि पकडेनासं होतं. ट्रॅकवरचा एक चांगला स्टार्ट क्लचला एवढं छळत नाही, कारण तिथं घासणं सेकंद-दीड सेकंदाचं असतं.

चढावर थांबलात तर हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलला आणा आणि पाय मोकळे ठेवा. निघताना पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच पकडेपर्यंत वर. गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं, इंजिनाचा आवाज जड होतो. तेव्हाच हँडब्रेक सोडा. गाडी एक इंचही मागं येणार नाही. हल्लीच्या काही गाड्यांत चढावर ब्रेक क्षणभर आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. ती दोन-तीन सेकंदांची असते, रात्रभराची नव्हे.

याच रस्त्यावर पिकअपची खरी गरज पडते ती बस ओलांडताना. पुष्कळ जण चौथ्या गिअरमध्ये बाहेर येतात, मग पाय दाबतात, गाडी जड पावलांनी वाढते आणि समोरून टेम्पो येतो. बाहेर येण्याआधीच तिसरा, वेग कमी असेल तर दुसरा गिअर टाकावा. त्यातून गाडीत चार माणसं आणि सामान असेल तर तीनएकशे किलो वाढलेले असतात. अकराशे किलोच्या गाडीचा पिकअप त्यानं जवळजवळ एक पंचमांशानं घटतो. एकट्यानं चालवताना जे अंतर पुरतं, ते कुटुंबाला घेऊन जाताना पुरत नाही.

ज्यांना सुटण्याची चुरसच करायची आहे त्यांनी लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होत आलेल्या ड्रॅग शर्यतींसारखी जागा शोधावी. तिथं पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ पट्टी मिळते आणि आडवं कोणी येत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, २०१९ मध्ये त्याची शिक्षाही वाढवली. किनाऱ्यावरची वाळू तर मुळीच नको. ओहोटीला पाण्याजवळची वाळू टणक लागते, माणूस भुलतो. सहा तासांनी तिथंच समुद्र असतो.

काशीदला गाडी रस्त्याकडेला सुरूच्या झाडांखाली लावून आम्ही चालतच किनाऱ्यावर गेलो. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानात नेलं आणि म्हटलं, उजवा पाय बाजूला ठेव. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही, म्हणजे पाय लावायचा नाही! नुसत्या क्लचवर गाडी हलव. एकशेपंचेचाळीस घोडे अकरा वेळा बंद पडले. बाराव्या वेळी गाडी न हिसकता, माणूस चालेल इतक्या वेगानं निघाली. भाचा म्हणाला, "मामा, आता पाचशे फेऱ्या वाढवू?" मी म्हटलं, आधी आणखी वीस वेळा हेच कर.